आठवीतल्या भाषणाची दुरुस्ती

(स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. बोलताना जे मागेपुढे झालं, ते स्मरणिकेसाठी थोडं नीट लावून दिलं आहे.)

व्यासपीठावरच्या आदरणीय बाई आणि सर, आणि पोट सुटलेल्या, केस विरळ झालेल्या, तरी ओळखू येणाऱ्या माझ्या वर्गमित्रांनो आणि मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला 'संगणक क्षेत्रातील संधी' यावर बोलायला सांगितलं होतं. मी नको म्हटलं. तुमच्या मुलांना त्या संधी माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. मला एक जुनी उधारी चुकती करायची आहे, म्हणून विषय बदलून मागितला.

१९९४ चा जानेवारी आठवा. आपण आठवीत होतो. २६ जानेवारीच्या निमित्तानं वक्तृत्व स्पर्धा होती आणि मराठीच्या बाईंनी मला एक कात्रण दिलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तिपदी पहिल्यांदाच एक महिला आल्याची बातमी होती ती. नाव, सुजाता मनोहर. बाई म्हणाल्या, "सगळ्या पोरी झाशीच्या राणीवर बोलणार आहेत, तू हिच्यावर बोल." कात्रण बोटभर होतं आणि भाषण चार मिनिटांचं. उरलेलं मी माझ्या मनानं भरलं. मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, एक कंपासपेटी. त्या भाषणात तीन चुका होत्या हे मला फार वर्षांनी कळलं. आमच्या धंद्यात चूक सापडली की दुरुस्त करून नवी आवृत्ती काढतात. ही आवृत्ती दुसरी.

पहिली चूक अशी की, मी ठोकून दिलं होतं, "अत्यंत गरीब आणि प्रतिकूल परिस्थितीत त्यांनी शिक्षण घेतलं." आपल्याकडे भाषणातला प्रत्येक मोठा माणूस गरीबच असायचा आणि रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करायचा, त्यामुळे मला शंकासुद्धा आली नाही. खरं म्हणजे सुजाताबाईंचे वडील, के. टी. देसाई, गुजरात उच्च न्यायालयाचे दुसरे मुख्य न्यायमूर्ती. त्यांचा जन्म १९३४ चा. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेज, मग ऑक्सफर्डच्या लेडी मार्गारेट हॉलमध्ये तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र, आणि लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर. घरात कायद्याची पुस्तकं, वडिलांचा शब्द, परदेशी शिक्षण, सगळं होतं.

आणि एवढं सगळं असूनही काय झालं ते बघा. १९५८ मध्ये त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. बहुतेक काम व्यापारी दाव्यांचं, म्हणजे जिथे पक्षकार पुरुष, वकील पुरुष, न्यायाधीशही पुरुष. त्याच्या जोडीला कौटुंबिक खटले, तेही बरेचसे गरजू बायकांना फुकट कायदेशीर मदत म्हणून. अशी वीस वर्षं गेली आणि १९७८ च्या जानेवारीत त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायाधीश झाल्या, त्या न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश. ते न्यायालय सुरू झालं १८६२ साली. म्हणजे ११६ वर्षं त्या खुर्चीवर एकही बाई बसली नव्हती. गरिबीनं अडवलं असतं तर समजण्यासारखं होतं. मुख्य न्यायमूर्तींच्या लेकीला गाठायलासुद्धा ११६ वर्षं लागली, ही गोष्ट माझ्या खोट्या दिव्याच्या खांबापेक्षा जास्त बोलकी आहे.

आपल्या भागाचा हिशेब सांगते. १९७८ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या एखाद्या बाईचा खटला उच्च न्यायालयात गेला, तर तिला मनमाडला गाडी बदलून मुंबई गाठावी लागायची. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, खंडपीठाचं काम सुरू झालं ते १९८१ मध्ये. तेव्हा त्या खुर्चीवर कोण बसलंय हा प्रश्न सेलूच्या बाईला पडण्याआधी, तिकिटाचे पैसे कुठून आणायचे हा प्रश्न पडत असणार.

दुसरी चूक. मी म्हटलं होतं, "भारतातील पहिल्या महिला न्यायाधीश." तशा त्या नव्हत्या. केरळच्या ॲना चांडी १९३७ मध्ये त्रावणकोर संस्थानात मुन्सिफ झाल्या आणि १९५९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाच्या न्यायाधीश. सर्वोच्च न्यायालयात पहिल्या फातिमा बीवी, १९८९ मध्ये. कुठल्याही उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला मुख्य न्यायमूर्ती लीला सेठ, १९९१, हिमाचल प्रदेश. आणि वकिलीतल्या पहिल्या म्हणाल तर आपल्या नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी. त्यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली, पण विद्यापीठानं पदवी हातात द्यायला तीस वर्षं घेतली, कारण तिथे तेव्हा बायकांना पदवी देत नसत. परीक्षा द्या, पास व्हा, पदवी मात्र मागू नका!

या सगळ्यांनंतर सुजाताबाई. सर्वोच्च न्यायालयात त्या दुसऱ्या, ८ नोव्हेंबर १९९४ पासून. फातिमा बीवी १९९२ मध्येच निवृत्त झाल्या होत्या, म्हणजे त्या गेल्या तेव्हा तिथे दुसरी बाई नव्हती. सुजाताबाई ऑगस्ट १९९९ मध्ये निवृत्त झाल्या, पुढच्या रुमा पाल जानेवारी २००० मध्ये आल्या. 'पहिली' होण्याचं आपल्याला फार कौतुक. मला आता जास्त वाटतं ते एकटी असण्याचं. मी नोकरीला लागले तेव्हा सतरा जणांच्या टीममध्ये एकटी होते. एकटीनं चूक केली की ती तिची चूक राहत नाही, 'बायकांची' होते.

तिसरी चूक साधी. "आता अनेक वर्षे त्या महाराष्ट्राला न्याय देतील," असं मी शेवटी म्हटलं होतं. माझं भाषण जानेवारीतलं, एप्रिलमध्ये त्यांची बदली केरळला झाली. तिथेही मुख्य न्यायमूर्तिपदावर त्या पहिल्याच महिला.

आता जे मी त्या भाषणात सांगायला हवं होतं आणि मला माहीतच नव्हतं, ते.

'तमस' आठवतं? १९८८ च्या जानेवारीत दूरदर्शनवर लागायचं. आपण दुसरीत असू. आमच्या घरी टीव्ही नव्हता, शेजारच्यांच्या ओसरीवर बसून बघायचो आणि सुरुवातीलाच आजी आम्हाला उठवायची, "पोरांनी बघू नये असलं." गोविंद निहलानींची मालिका, भीष्म साहनींच्या कादंबरीवरची, फाळणीच्या दंगलींची. ती बंद करा म्हणून मुंबई उच्च न्यायालयात अर्ज झाला आणि प्रक्षेपणाला स्थगितीही मिळाली. प्रकरण आलं न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांच्यासमोर. त्यांनी काय केलं? मालिका बघितली. एवढंच. दोन्ही न्यायाधीशांनी बसून ती स्वतः पाहिली आणि मग दाखवायला परवानगी दिली. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानंही तेच कायम केलं.

मला ही गोष्ट फार आवडते. आज व्हॉट्सॲपवर आपल्याच ग्रुपमध्ये न बघितलेल्या सिनेमावर आणि न वाचलेल्या पुस्तकावर कोण काय काय लिहितं ते मी नावं घेऊन सांगत नाही. (हशा कुठून आला ते मी बघितलंय.)

त्यांचे सगळे निकाल मला पटतात असं नाही. आपल्या वर्गातल्या डॉक्टरांना १० ऑगस्ट १९९९ चा प्रीती श्रीवास्तव खटला ठाऊक असेल. वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशात राखीव जागांसाठी किमान गुण फार खाली आणता येणार नाहीत, असं पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं सांगितलं. बहुमताचा निकाल न्या. मनोहर यांनी लिहिला होता, न्या. मजमुदार यांचं काही मुद्द्यांवर वेगळं मत पडलं. दर्जा सांभाळायला हवा हे कोण नाकारेल? पण ज्या तालुक्यात स्त्रीरोगतज्ज्ञ मिळत नव्हता तिथे वाढलेल्या माणसाला तो निकाल वाचताना वेगळे प्रश्न पडतात, मला पडले. काल रात्री जेवताना आपल्या दोन डॉक्टरांचं यावरून चांगलंच वाजलं. ते आज पुन्हा नको.

आता मुख्य गोष्ट.

आठवीत त्या भाषणाच्या वेळी माझ्या हातात कागद नव्हता. कागद होता पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या मैत्रिणीच्या हातात. मी अडखळले की ती ओठ हलवून पुढचा शब्द सांगायची. ती माझ्यापेक्षा हुशार होती, गणितात तर नक्कीच. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर नववीचा वर्ग भरला तेव्हा ती नव्हती. मे महिन्यात तिचं लग्न झालं होतं. आपण तेव्हा काय म्हणालो? "तिचं जमलं." आठवीत आपल्या वर्गात बावीस मुली होत्या, दहावीच्या फोटोत तेरा आहेत. फोटो बाहेरच्या फळ्यावर लावलाय, मोजून बघा. ती मैत्रीण आज आली आहे, तिसऱ्या रांगेत आहे, आणि तिला विचारूनच मी हे सांगते आहे. ती आजी झाली आहे.

हे फक्त तेव्हाचं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या बायकांना लग्नाचं वय विचारलं. परभणी जिल्ह्यात त्यांतल्या ४८ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. महाराष्ट्रात सगळ्यांत वर आपला नंबर. दहावीच्या निकालात आपला जिल्हा कितवा, हे आपल्याला पाठ असतं. हा नंबर कोणी सांगत नाही.

आता राजस्थानात चला. जयपूरजवळ भटेरी नावाचं गाव. तिथे भंवरीदेवी नावाची बाई सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' होती. आपल्याकडच्या अंगणवाडीताई, आशाताई यांच्यासारखंच थोड्या मानधनाचं आणि पुष्कळ कामाचं पद. १९९२ मध्ये तिनं गावातलं एका लहान मुलीचं लग्न थांबवायचा प्रयत्न केला. ते तिचं कामच होतं. त्याचा राग धरून गावातल्या माणसांनी तिच्यावर सामूहिक बलात्कार केला. १९९५ मध्ये खालच्या न्यायालयानं बलात्काराच्या आरोपातून त्यांना सोडून दिलं. त्याविरुद्धचं अपील वर्षानुवर्षं पडून राहिलं.

पण 'विशाखा' आणि इतर महिला संघटनांनी सर्वोच्च न्यायालयात एक वेगळा प्रश्न नेला. कामावर असलेल्या बाईला कामाच्या ठिकाणी त्रास झाला, तर जबाबदार कोण? तिनं कुणाकडे जायचं? तेव्हा देशात यासाठी कायदाच नव्हता. १३ ऑगस्ट १९९७ ला निकाल आला. तीन न्यायाधीश होते: सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, न्या. सुजाता मनोहर, न्या. बी. एन. किरपाल. निकाल वर्मांनी लिहिला आहे, म्हणून तो मी एकट्या सुजाताबाईंच्या नावावर मांडणार नाही. आठवीत मांडला असता!

न्यायालयानं काय केलं ते समजून घ्या. कायदा करणं संसदेचं काम. पण संसद करत नाही तोवर बायकांनी थांबायचं का? समानतेचा, व्यवसाय करण्याचा, सन्मानानं जगण्याचा अधिकार घटनेत आहेच, आणि स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्याचा आंतरराष्ट्रीय करार भारतानं १९९३ मध्ये मान्य केलेला आहे. या दोन्हींच्या आधारानं न्यायालयानं मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली आणि सांगितलं, कायदा होईपर्यंत हाच कायदा समजा. प्रत्येक कार्यालयात तक्रार समिती, तिची प्रमुख बाई, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या बायका, आणि बाहेरची एक जाणकार व्यक्ती. आमच्या भाषेत हा तात्पुरता पॅच. मूळ प्रणाली येईपर्यंत लावलेला. तो पॅच सोळा वर्षं चालला. कायदा झाला २०१३ मध्ये. राष्ट्रपतींची मान्यता मिळाली २२ एप्रिलला, आणि त्याच दिवशी न्यायमूर्ती वर्मा गेले.

आता माझं. हे मी आतापर्यंत घरीही नीट सांगितलेलं नाही.

नांदेडहून इंजिनिअरिंग करून २००२ मध्ये मी पुण्यात पहिल्या नोकरीला लागले. कंपनीचं नाव सांगत नाही. माझ्यावरच्या एका माणसानं सहा महिने मला नको नको करून सोडलं. रात्री थांबवून घेणं, खुर्चीमागे येऊन उभं राहणं, आणि नंतर त्याहून पुढचं. एका वरिष्ठ बाईंकडे गेले तर त्या म्हणाल्या, "करिअरची सुरुवात आहे, नाव खराब करून घेऊ नकोस." मी राजीनामा दिला. बाबांना फोनवर सांगितलं, प्रोजेक्ट संपलं. ते म्हणाले, "मिळंल दुसरं, कामून घाबरतीस." चार महिने दुसरं मिळालं नाही. त्या चार महिन्यांत मी स्वतःलाच दोष देत होते, की मराठवाड्याची आहे, शहरात वागायचं कळत नसेल.

तेव्हा निकालाला पाच वर्षं झाली होती. त्या कंपनीत समिती असायला हवी होती, ती नव्हती, आणि असायला हवी हे मला माहीत नव्हतं. ज्या बाईंवर बोलून मी कंपासपेटी मिळवली, त्यांनी ज्यावर सही केली होती तो निकाल माझ्यासाठीच होता, आणि मला त्यांचं फक्त नाव पाठ होतं.

२०१४ मध्ये, दुसऱ्या कंपनीत, नव्या कायद्याखाली समिती नेमली आणि बायका कमी म्हणून मला त्यात घातलं. प्रशिक्षणाला आलेल्या वकीलबाईंनी पडद्यावर विशाखा निकालाचं पहिलं पान दाखवलं. दुसरं नाव वाचलं आणि मला आपला वर्ग दिसला, पहिल्या रांगेत ओठ हलवणारी मैत्रीण दिसली. मी बाहेर जाऊन पाणी पिऊन आले.

तेव्हापासून मी समितीत आहे. हे काम सोपं नाही. तक्रार करणारी रडत नाही, बहुतेक वेळा ती फार हळू आणि कोरड्या आवाजात बोलते. ज्याच्याविरुद्ध तक्रार असते तो कधीकधी आपल्यासोबत डबा खाणारा असतो. त्याचंही पूर्ण ऐकावं लागतं, साक्षी घ्याव्या लागतात. एकदा तक्रार सिद्ध झाली नाही आणि त्या मुलीनं माझ्याशी बोलणं सोडलं. ते अजून टोचतं.

इथे आपल्यापैकी कुणाचं हॉस्पिटल आहे, कुणाची जिनिंग, कुणाची शिक्षणसंस्था, दोघे बँकेत व्यवस्थापक आहेत, एकाचं मोठं कापडाचं दुकान आहे. दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तर अंतर्गत समिती बंधनकारक आहे. नसेल तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड. तक्रार साधारण तीन महिन्यांत द्यायची, चौकशी ९० दिवसांत संपवायची. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. घरकाम करणाऱ्या बाईलाही तिथे जाता येतं. काल मी सहज सात जणांना विचारलं. दोघांकडे समिती होती. त्यातल्या एकाला ती कागदावर कुणाची आहे ते आठवत नव्हतं.

भंवरीदेवीचा विचार करताना मला भटेरीपेक्षा आपलं गाव जास्त दिसतं. १९९४ च्या मे महिन्यात माझ्या मैत्रिणीच्या मांडवात अशी एखादी साथिन आली असती आणि म्हणाली असती, हे लग्न थांबवा, तर आपण सगळ्यांनी, आपल्या आईवडिलांनी, पंगतीत बसलेल्यांनी तिचं काय केलं असतं? मी त्या लग्नात जेवायला होते. बुंदी चांगली होती, हेसुद्धा आठवतं.

सुजाताबाई निवृत्तीनंतर राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या सदस्य झाल्या. तिथे काही वर्षं अध्यक्ष होते तेच न्यायमूर्ती वर्मा. माझं भाषण १९९४ मध्येच थांबलं होतं, त्यांचं काम मात्र पुढे बरीच वर्षं चालू राहिलं.

बाई, त्या दिवशी चार मिनिटांची घंटा वाजली आणि मी शेवटची दोन वाक्यं गाळली होती. आज घंटा वाजून बराच वेळ झालाय, सर घड्याळ बघताहेत. समिती नेमण्याच्या आदेशाचा मराठी नमुना मी करून आणलाय, वीस प्रती माझ्या पिशवीत आहेत. चहाच्या वेळी फोटोच्या फळ्यापाशी उभी राहते. ज्यांच्याकडे दहा माणसं आहेत त्यांनी घेऊन जावा, आणि संस्थेचं नाव लिहायची जागा रिकामी सोडलीय, ती घरी गेल्यावर नाही, इथेच भरा.